त्या वर्षी शीग नव्हती

अव्याचा फोटो आमच्या दहावीच्या ग्रुपवर आला तेव्हा मला वाटलं, वाढदिवस असेल. तोच फोटो, निळा शर्ट, मान किंचित वाकडी, मागे त्याच्या शिळफाट्याच्या दुकानाची अर्धी पाटी. दर वर्षी हाच फोटो टाकून लोक केक पाठवायचे. मी कुकर लावत होते. एका हातानं ‘अव्या, म्हातारा झालास रे’ असं लिहिलं आणि पाठवायच्या आधी वर सरकवून बघितलं, तर कुणीतरी हात जोडले होते. मग आणखी कुणीतरी जोडले. मग नुसते हातच हात... लिहिलेलं पुसून टाकलं. दुकानातच छातीत दुखलं, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं, एवढं नंतर कळलं. त्या दिवशी कुकरकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही. भाताचा गोळा झाला आणि तोच आम्ही खाल्ला.

पुढच्याच आठवड्यात इथल्या पेपरच्या पुरवणीच्या संपादकांचा फोन. ‘अविनाश वाघमारे तुमचे बालमित्र ना? दोन शब्द लिहा की.’ मी हो म्हटलं. तेव्हा मला सगळं ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे, त्यामुळे माझ्याकडून ‘मनमिळाऊ, हसतमुख, मदतीला सदैव तत्पर’ असलं काही येईल अशी आशा कुणी धरू नये. मनमिळाऊ तो होता. हसतमुख तर इतका की कधीकधी एक ठेवून द्यावीशी वाटायची. पण मी त्याच्यावर रागावलेली आहे. भयंकर रागावलेली आहे. आणि भांडायला तो जागेवर नाही, हा त्याचा शेवटचा आगाऊपणा. ‘मेल्या’ म्हणून हाक मारायची मला शाळेपासूनची सवय. आता तो शब्द तोंडात आला की मीच जीभ चावते.

त्याचे वडील कर्जतच्या एका भातगिरणीत मापाडी होते. मापाडी म्हणजे धान्य मापून देणारा माणूस. आमच्या घरी वर्षाचा तांदूळ आला की माप घालायला तेच यायचे, बरोबर त्यांचं पितळी मापटं असायचं. मापटं भरलं की वर तांदळाचा जो छोटा डोंगर राहतो ना, ती शीग. शीग ठेवून दिलं की देणाऱ्याची दानत दिसते. काही मापाडी वरून पटकन हात फिरवून सपाट करत, वरचं आपल्या पोत्यात. अव्याचे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, तसं कधी करत नसत. ‘वैनी, आमी शीग ठेवूनच घालतो, तुमी बघा तर खरं,’ असं आईला सांगायचे आणि मापटं इतक्या हलक्या हातानं उचलायचे की एक दाणा सांडत नसे. ते ओटीवर बसून मापायचे. ओटीच्या आत त्यांना कधी कुणी बोलावलं नाही. हे मला तेव्हा दिसत नव्हतं, अव्याला दिसत होतं. म्हणून पुढं तो माझ्या घरी आला की मुद्दाम थेट स्वयंपाकघरात यायचा, ओट्याला टेकून उभा राहायचा आणि विचारायचा, ‘हाय का गं चहा, का भटांकडं आज उपास?’ मी म्हणायची, ‘मेल्या, आधी पाय पूस.’

आम्ही दोघं एकाच वेळी कॉम्प्युटरच्या नादाला लागलो. मी शिकून रसायनीजवळ मोहोपाड्याच्या एका रासायनिक कारखान्यात लागले आणि हळूहळू तिथला सगळा संगणक विभाग माझ्याकडे आला. अव्यानं नोकरी धरली नाही. शिळफाट्याला गाळा घेऊन त्यानं दुकान टाकलं, आजूबाजूच्या कारखान्यांचं, पतपेढ्यांचं, दवाखान्यांचं नेटवर्क बघायला लागला. वडिलांचं मापटं त्याच्या टेबलावर असायचं, त्यात स्क्रू आणि केबलच्या पिना. आमच्या कारखान्यात फायरवॉल त्यानंच बसवली. मी तिला पेटी म्हणायची, कारण ती पेटीच होती, कपाटात बसणारी, समोर हिरवे दिवे. बाहेरून येणारा प्रत्येक मेल आधी ती पेटी उघडून बघायची, काही वंगाळ असेल तर अडवायची, मग आत सोडायची. गेटवरचा रखवालदार कामगारांच्या पिशव्या बघतो तसंच.

एकदा त्याच्या दुकानात बसून मी विचारलं होतं, की हे चोर लोक असल्या पेट्यांमधून शिरतात तरी कसे. त्यानं मापट्यातले स्क्रू टेबलावर ओतले, शेजारच्या वाण्याकडून पिशवीभर तांदूळ आणले आणि मापट्याला चिकटून एक चहाचा कप ठेवला. ‘हे बघ मंजे. प्रोग्राममध्ये प्रत्येक गोष्टीला जागा ठरलेली. पाठवणाऱ्याच्या पत्त्याला एवढी, विषयाला एवढी. हे मापटं म्हणजे पत्त्याची जागा. आता प्रोग्राम लिहिणारा शहाणा असंल तर येणारं किती हाय ते आधी बघंल, जास्ती असंल तर नाय म्हणंल. येडा असंल तर नुसता ओतत बसंल.’ आणि तो ओतत बसला. शीग झाली, शीग ढासळली, तांदूळ शेजारच्या कपात पडले. ‘या कपात काय असतं ठाव हाय? मशीननं पुढं काय करायचं ते असतं. त्याच्यावर चोराचे दाणे पडले की मशीन तुझं ऐकत नाय, चोराचं ऐकतं. आमचा बा शीग ठेवायचा त्याला लोक देवमाणूस म्हणायचे, इथं शीग राहिली की घर बुडतं.’ याला बफर ओव्हरफ्लो म्हणतात, हे मला पुस्तकातून माहीत होतं. कळलं मात्र त्या दिवशी. त्यानंतर आम्हा दोघांत ‘शीग’ हा शब्दच होऊन गेला. कुठं प्रोग्राममध्ये असली चूक सापडली की तो फोन करून सांगायचा, ‘एक शीग घावली गं.’

दिवाळीनंतर त्याच्या खालापूरकडच्या शेतातला नवा तांदूळ निघाला की तो दर वर्षी माझ्याकडे घेऊन यायचा. पिशवी देऊन गेला असं कधी नाही. टेबलावरचं मापटं धुऊन आणायचा, माझ्या स्वयंपाकघरात मांडी घालून बसायचा आणि वडिलांसारखा माप घालायचा, डोंगरासारखी शीग ठेवून. थोडं फरशीवर सांडायचंच, मी ओरडायची, तो हसायचा. एका वर्षी मात्र तो आला, बसला, मापटं भरलं, आणि वरून हात फिरवला. सपाट. दुसरं भरलं, पुन्हा हात. मी म्हटलं, ‘काय रे, शीग कुठं गेली?’ तर माझ्याकडं बघत म्हणाला, ‘आता शीग नको, मंजे. तुझ्या घरात तर नकोच. वरचं सांडतं ते भलतीकडं जातं.’ मी म्हटलं, ‘वय वाढलं तसा कंजूष झालास हो!’ तो हसला नाही. चहा न घेता गेला. मी तांदूळ डब्यात भरले आणि विसरून गेले. कोण लक्षात ठेवतं असलं?

त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या कारखान्यातली सगळी यंत्रणा कुणीतरी आत शिरून बंद पाडली. सकाळी कामावर गेले तर माल बाहेर जाईना, ऑर्डरी उघडेनात, पडद्यावर चोरांचा निरोप. गेटबाहेर ट्रकची रांग. मी तेव्हा पेटीतली नोंद उघडून बसले होते, अव्या शेजारी. एक मेल आलेला दिसत होता, पाठवणाऱ्याचा पत्ता इतका लांब की संपतच नव्हता, नुसती तीच तीच अक्षरं. मी बोट ठेवून विचारलं, ‘हे काय रे?’ तो म्हणाला, ‘कचरा असतो गं असला. सोड.’ मी सोडलं. कारण ते अव्यानं सांगितलं होतं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्याचं डोकं खाल्लं असतं.

मग चौकशी बसली. पेटीत शिरणाऱ्यानं ऍडमिनच्या अधिकारानं काम केलेलं दिसत होतं आणि तो अधिकार माझ्याकडे होता. सरळ हिशेब, म्हणे. एक तर मी पासवर्ड कुणाला तरी दिला, नाहीतर निष्काळजीपणानं कुठं तरी सांडला. पेटी बसवणारा म्हणून अव्याला बोलावलं. मोठं टेबल, पाण्याच्या बाटल्या, मी एका टोकाला. साहेबांनी त्याला विचारलं, ‘पेटीतच काही दोष असू शकतो का?’ तो पाणी प्यायला. मग म्हणाला, ‘पेटीत तसा कोणताही दोष आढळत नाही.’ आढळत नाही! माझ्यासमोर जन्मात ‘नाय’ सोडून दुसरं न बोललेला हा माणूस ‘आढळत नाही’ म्हणाला, आणि माझ्या कानाला ते टोचलं नाही, कारण मला वाटलं, साहेबांसमोर शुद्ध बोलतोय. मला भांडारात बसवलं, हातमोजे आणि झाडू मोजायला. थोडे दिवस बसले. मग राजीनामा दिला. कारखान्याच्या वसाहतीत अजूनही बोलतात, ‘त्या मॅडमनंच चावी दिली होती.’ बाजारात दोघीतिघी मला बघून गप्प होतात, ते मला कळत नाही असं त्यांना वाटतं.

आणि अव्या? अव्या तर दर दोन दिवसांनी यायला लागला. कर्जतला क्लास काढ म्हणून पाठी लागला, जागा त्यानंच शोधली, जुने कॉम्प्युटर आणून जोडून दिले, पहिल्या मुली त्यानंच गोळा केल्या. मी एकदा रडले त्याच्यासमोर. म्हटलं, ‘अव्या, तू नसतास तर माझं काय झालं असतं रे?’ तो खाली बघत स्क्रू पिळत राहिला. मी त्याचे आभार मानले... हे आठवलं की अंगाची आग होते. शेवटचा आला तेव्हा उन्हाळा लागला होता. क्लासच्या पायरीवर बसून कलिंगड खाल्लं दोघांनी. जाताना चप्पल घालता घालता म्हणाला, ‘मंजे, तुला एक सांगायचं हाय.’ मी म्हटलं, ‘बोल.’ तो म्हणाला, ‘आत्ता नाय. जरा थांब, थोडेच दिस.’ मला वाटलं, मुलीचं लग्न ठरवत असेल.

त्याचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम बुद्धविहारात झाला. वंदना झाली, मग लोक उठून आठवणी सांगायला लागले. मीही काही तरी बोलले आणि मध्येच खाली बसले. माझ्यानंतर कर्जतच्या एका छोट्या धर्मादाय दवाखान्याचे व्यवस्थापक उठले, वयस्कर गृहस्थ. म्हणाले, ‘काय सांगू, माणूस किती काळजी घेणारा! दिवाळीच्या आधी स्वतः होऊन आले, म्हणाले, तुमच्या पेटीतली मेल तपासायची सोय मी बंद करून ठेवतो, काही दिवस मेल जपून उघडा. आम्ही का म्हणून विचारलंही नाही. आणि बघा, पुढं तिकडं रसायनीच्या कारखान्यात केवढा गोंधळ झाला! आम्ही वाचलो. कालच त्या परदेशी कंपनीनं जाहीर केलंय म्हणे की दोष होता, आणि तो शोधून काढला आपल्या अविनाशनं.’ विहारात टाळ्या वाजल्या. माझ्या शेजारच्या बाईनं मला कोपरानं ढोसलं, ‘बघा, तुमचा मित्र!’ मी पण टाळ्या वाजवल्या बहुतेक. हात वाजत होते एवढं आठवतं.

घरी येऊन कंपनीचं निवेदन उघडलं. मेल तपासणाऱ्या भागात पत्त्याची लांबी न बघता जागा भरली जात होती. जास्त लांब पत्ता पाठवला की पेटी पाठवणाऱ्याच्या ताब्यात जायची, ऍडमिनच्या अधिकारासकट, पासवर्ड लागतच नव्हता. म्हणजे माझा पासवर्ड कुणी घेतला नव्हता. मी कुणाला दिला नव्हता. तो लांबच लांब पत्ता, ज्याला अव्या कचरा म्हणाला, तोच तो. खाली आभार होते, शोधणाऱ्याचं नाव. आडनावाची शेवटची अक्षरं कापलेली, रकान्यात मावली नसावीत. तिथं मात्र बरोब्बर सपाट केलं होतं त्यांनी.

दुसऱ्या दिवशी मी शिळफाट्याला गेले. दुकानात त्याची बायको शीतल एकटी बसली होती, त्याच्या खुर्चीत नाही, बाजूच्या स्टुलावर. मी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, ‘ताई, मला पन त्यांनी जायच्या आठवडाभर आधीच सांगितलं. तोवर मला बी ठाव नव्हतं.’ मग तिनं सांगितलं. दोष त्यालाच सापडला होता. त्यानं कंपनीला कळवलं, तर कंपनीनं बजावलं की दुरुस्ती तयार होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, बोभाटा झाला तर जगभरच्या पेट्या चोर फोडतील. त्यानं शब्द दिला. हा नियम मलाही ठाऊक आहे आणि नियम बरोबर आहे, तेवढं मी मान्य करते. दवाखान्यात माणसं यंत्रांवर असतात, तिथं त्यानं गुपचूप तो भाग बंद केला, तेही बरोबर. मी त्याच्या जागी असते तर हेच केलं असतं. पण मग माझ्याकडे का नाही आलास रे? शब्द एकदा मोडलाच होता, आणखी एकदा मोडायला काय जड होतं? शीतलला हेच विचारलं, जरा आवाज चढवूनच. ती म्हणाली, ‘दवाखान्यात कुणी का म्हणून इचारलं नाय. तुमी इचारलं असतं. ते म्हनायचे, मंजू का म्हनून इचारल्याबिगर ऱ्हात नाय आनि तिच्याशी खोटं बोलता येत नाय.’ येत नाही! चांगलं येत होतं की. त्या मोठ्या टेबलावर पाणी पिऊन शुद्ध मराठीत आलं. त्या कचऱ्याच्या वेळी तर पाणीही लागलं नाही. विचारणारी बाई म्हणून मला वगळलं, आणि विचारायची वेळ आली तेव्हा मी त्याच्यावर विश्वास ठेवून गप्प बसले. आयुष्यात एकदाच गप्प बसले.

मग शीतल हळूच म्हणाली, ‘पन ते म्हनायचे, मी तिला सांगितलंय माझ्या परीनं. तांदूळ घालायला गेलो तवा सांगितलं. तिला कळंल.’ तो सपाट हात... तुझ्या घरात तर नकोच... म्हणजे त्यानं त्या दिवशी मला सांगितलं होतं! त्याच्या मते सांगितलं होतं! अरे, माझी वीस-बावीस वर्षांची नोकरी होती ती, उखाणा होता का? मी तांदूळ घेत होते, बाबा. तुझ्या बापाचा हात मी लहानपणापासून बघितलाय, तो सपाट फिरला की मला एवढंच कळणार, की माणूस कंजूष झाला. तुम्ही वाचणाऱ्यांनीच सांगा, हे सांगणं झालं का? मला जो आवाज चढवायचा होता तो मी त्या रिकाम्या खुर्चीवर चढवला. शीतल रडत होती. रस्त्यावरून ट्रक जात होते, कुणी आत आलं नाही.

निघताना तिनं मापटं रिकामं केलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाली, ‘तुमचंच हाय हे. आनि तुमी कारखान्यात जाऊन सांगा खरं काय ते. मी येते संगती.’ मी म्हटलं, ‘शीतल, तुझं दुकान त्याच्या नावावर चालतं. त्यानं माहीत असून गिऱ्हाइकांना सांगितलं नाही हे कळलं तर उद्या कोण येईल इथं?’ ती म्हणाली, ‘येतील ते येतील. तुमचं नाव गेलंय, ताई. त्यांचं बी जाईल थोडं. पन वाईट होता असं लिवू नका.’ तशी आम्ही दोघी गेलो होतो मोहोपाड्याला. साहेबांनी निवेदन वाचलं, चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, ‘जुनं प्रकरण आहे मॅडम, आता कशाला?’ म्हणून हे इथं लिहिलं. ही पुरवणी वसाहतीत घरोघर जाते. वाईट होता असं मी लिहिलेलं नाही, शीतल, वाचून बघ.

मापटं आता माझ्या तांदळाच्या डब्यात असतं. रोज सकाळी एक मापटं घेते. हात सवयीनं शीग ठेवतो, मग वरून फिरवायला उचलला जातो आणि तसाच थांबतो. सपाट करवत नाही, त्यानं केलं होतं म्हणून. शीग ठेववत नाही, त्यानंच सांगितलं होतं म्हणून. मग तशीच उभी राहते, थोडे दाणे फरशीवर सांडतात, ते वेचायला खाली बसते आणि तो बसायचा त्या जागेकडे बघून रोज तेच विचारते. साध्या शब्दांत सांगायला काय झालं होतं तुला, मेल्या?